बा, हुबळी, अकरा

मी आयुष्यात एकच माणूस हरवलं आहे, आणि तेही नेमकं दुसऱ्यांचं.

माणूस एक्याऐंशी वर्षांचं होतं. चालायला खुटखुटीत, कानाने तल्लख, आणि त्याच्या एका होकारावर माझ्या मुलाचं लग्न अडकलेलं. असं माणूस हरवायला खास कर्तृत्व लागतं. ते माझ्यात आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आमचा मुलगा निखिल बडोद्याला नोकरीला आहे. तिथे त्याला हेतल भेटली. मुलगी गोड आहे, हसरी आहे, आणि आम्हाला फोनच्या पडद्यावर पाहताक्षणी आवडली. तिच्या आईवडिलांना निखिल आवडला. राहता राहिली हेतलची आजी. त्या घरात पडद्यांचं कापडसुद्धा आजींना विचारून घेतात, तिथे नातजावई काय. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुलगा बघितला, आता घर बघेन, माणसं बघेन, मग बोलेन. (पडद्यावर बघायला त्या तयार नव्हत्या. पडद्यावर सगळेच बरे दिसतात, असं त्यांचं मत.) म्हणून रविवारी ती सगळी मंडळी धारवाडला आमच्याकडे यायची ठरली.

रविवारच्या पाहुण्यांसाठी मी आदल्या सोमवारपासूनच दमलो होतो. आमच्या घरात पाहुणे येणार म्हटलं की शैला, म्हणजे माझी बायको, कपाट हलवते. म्हणजे ती बोट दाखवते, हलवतो मी. ते कपाट तीन दिवसांत हॉलमधून खोलीत, खोलीतून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून पुन्हा हॉलमध्ये आलं. "इथंच बरं दिसतंय की हो," शैला म्हणाली. ते तिथंच होतं हे मी बोललो नाही. बोलायला दम लागतो.

अशा अवस्थेत गुरुवारी सकाळी निखिलचा मेसेज आला. तो मराठी लिहितो, पण इंग्रजी अक्षरांत, आणि स्वल्पविराम वगैरे त्याला परवडत नाहीत. मेसेज असा होता: "अप्पा बा हुबळी स्टेशन ११. फोन नाही. मी मीटिंगमध्ये."

आता धारवाडात जन्म काढलेल्या माणसाला 'बा' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कन्नडमध्ये बा म्हणजे ये. आई पोराला बा म्हणते, पोरगं मांजराला बा म्हणतं, आणि आमच्यासारख्या मराठी घरातसुद्धा "चहाला बा" असंच म्हणायची पद्धत आहे. तेव्हा मी सरळ अर्थ लावला. अप्पा, ये. हुबळी स्टेशनवर. अकरा वाजता. फोन करू नको, मी मीटिंगमध्ये आहे.

दोन शंका आल्या, नाही असं नाही. पहिली, हा गाडीत असेल तर मीटिंगमध्ये कसा? पण हल्लीची मुलं कुठूनही मीटिंगला हजर असतात. निखिल एकदा आमच्या न्हाणीघरातून होता. दुसरी शंका जरा दुखरी होती. बापाला 'बर्री' म्हणायचं सोडून हा सरळ 'बा' म्हणतो? 'बर्री' म्हणजे या, 'बा' म्हणजे ये. पण बडोद्याला राहून कन्नड बिघडलं असेल, असं म्हणून मी मोठ्या मनाने माफ केलं.

"निखिल येतोय," मी शैलाला सांगितलं. "हुबळीला घ्यायला ये म्हणतोय."

"आज? तो तर रविवारी त्यांच्याबरोबर येणार होता."

"आवराआवरीला मदत करायला आला असेल."

शैलाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आपला निखिल?" तिने विचारलं.

तो मुद्दा बिनतोड होता. पण मेसेजमध्ये लिहिलं होतं तर जायला हवं होतं. शिवाय घरात थांबलो असतो तर दिवाण हलवायचा होता. मी बस धरली, हुबळीला उतरलो, स्टेशनच्या जिन्यावर दोनदा गुडघ्याला विश्रांती दिली आणि पावणेअकराला फलाटावर उभा राहिलो. वेळेच्या आधी पोचणं हा माझा एकमेव गुण आहे. निखिलने तो बडोद्याला सगळ्यांना सांगूनही ठेवला होता.

गाडी आली. निखिल उतरला नाही. मी पुढच्या डब्यापासून मागच्या डब्यापर्यंत गेलो, परत आलो. माझ्यासमोरच्या डब्यातून एका उंच गृहस्थांनी एका म्हाताऱ्या बाईंना उतरवलं, बाकावर बसवलं, पायाशी एक पिशवी आणि एक भलामोठा डबा ठेवला, काहीतरी बजावलं आणि सुटायच्या बेतात असलेली गाडी पुन्हा पकडली. गाडी बेंगळुरूकडे निघून गेली. फलाट रिकामा झाला. उरलो मी, त्या बाई आणि डबा.

मी त्याच बाकावर बसलो. दुसरा बाक लांब होता.

बाई पांढऱ्याशुभ्र साडीत होत्या, डोक्यावरून पदर, डोळ्यांवर जाड चष्मा. दहा मिनिटं त्यांनी मला निरखलं आणि मग हिंदीत विचारलं, "किसको लेने आये?"

"बेटे को."

"आया?"

"नहीं आया."

"आजकल के लडके," त्या म्हणाल्या, डबा उघडला आणि माझ्या हातावर दोन थेपले ठेवले. थेपले म्हणजे मेथीच्या पातळ पोळ्या. फार सुंदर होते. मी सकाळपासून उपाशीच होतो, त्यामुळे त्या बाईंविषयी माझ्या मनात एकदम आपुलकी दाटून आली.

"आपको लेने कौन आनेवाला है?" मी विचारलं.

"हमारे होनेवाले सगे हैं. मेरी पोती की बात चल रही है उस घर में. लडके का बाप आनेवाला था."

इथे कुणाच्याही डोक्यात दिवा लागला असता, हे मला मान्य आहे. शैलाने हे नंतर मला अनेकदा सांगितलं आहे. पण हुबळीत गुजराती व्यापाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मुलींची आणि मुलांची लग्नं होतच असतात. आणि आमचे पाहुणे रविवारी येणार होते. आज गुरुवार होता. शिवाय मी थेपला खात होतो.

"कितने बजे आनेवाला था?"

"ग्यारह."

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा झाले होते. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा मनापासून राग आला. एवढ्या वयाच्या बाईंना असं फलाटावर बसवून ठेवायचं? आणि मग मी बोललो. मी एरवी कमी बोलतो, हिंदीत तर फारच कमी. पण त्या दिवशी माझी हिंदी ओसंडून वाहिली.

"माफ करना, छोटे मुंह बड़ी बात," मी म्हणालो, "लेकिन जो आदमी बुजुर्ग को लेने टाइम पे नहीं आता, उसके घर में लड़की मत दीजिए."

बाई गंभीर झाल्या. "लडका अच्छा है," त्या म्हणाल्या.

"लड़का अच्छा होगा. बाप देखिए. बाप ऐसा, तो घर कैसा?"

"बात सच है," त्या म्हणाल्या आणि मला तिसरा थेपला दिला.

मग आम्ही त्या माणसाबद्दल आणखी पाऊण तास बोललो. तो आळशी असणार, हे माझं मत. बायकोच्या मुठीत असणार, हा त्यांचा कयास. दोन्ही गोष्टींत आमचं पूर्ण एकमत झालं. साडेबाराला मला वाटलं की एवढं खाल्लं तर आपणही चहा तरी पाजावा. मी फलाटाच्या टोकाला गेलो, दोन कप घेतले, आणि तेवढ्यात खिशात फोन वाजला. कप टपरीच्या फळीवर ठेवून उचलला. शैला होती.

"अहो, बांना घेतलं का?"

"काय घेतलं?"

"बा. बा हो. निखिलचा फोन आला होता आत्ता. मला म्हणतो, आई, बा पोचल्या का. मी म्हटलं, अरे माझा बा जाऊन बारा वर्षं झाली."

शैलाचं माहेर अळणावरजवळच्या खेड्यातलं. तिथे वडिलांना बा म्हणतात. त्यामुळे आधी पाच मिनिटं आईला वाटत होतं की मुलगा खुळा झाला, आणि मुलाला वाटत होतं की आईला काहीतरी झालं. कारण तो "आई, बा एकट्या आहेत, त्यांच्याकडे फोन नाही" म्हणत होता, आणि ती "त्यांना आता फोन कशाला लागतो रे बाळा" म्हणून त्याची समजूत घालत होती.

"अहो, त्यांच्यात आजीला बा म्हणतात," शैला म्हणाली. "हेतलची आजी. तिचे काका बेंगळुरूला निघाले होते, त्यांच्याबरोबर निघाल्या. रविवारचं आवरलेलं घर त्यांना बघायचं नाहीये म्हणे. असतं तसं बघायचंय. तुम्ही ऐकताय ना? पांढऱ्या साडीत आहेत. मोठा डबा आहे त्यांच्याजवळ."

मी ऐकत होतो. माझ्या पोटातले तीन थेपलेही ऐकत होते.

"आहेत," मी म्हणालो. "इथंच आहेत. भेट झाली आहे." (हे सगळं खरं होतं.)

"मग द्या की फोन."

मी दोन्ही कप घेऊन वळलो. बाक रिकामा होता. पिशवी नव्हती, डबा नव्हता.

शेजारी एक हमाल बसला होता. त्याला कन्नडमध्ये विचारलं, इथली अज्जी कुठे गेली? तो शांतपणे म्हणाला, "ऑटोवाला आला, 'बा यव्वा, लगू बा' म्हणाला. अज्जी लगेच उठली की. 'हां, मैं ही बा' असं काय तरी म्हणाली आणि गेली त्याच्याबरोबर."

'बा यव्वा, लगू बा' म्हणजे ये माय, लवकर ये. हुबळीत म्हाताऱ्या बाईला कुणीही असं प्रेमाने म्हणतं. पण बांनी काय ऐकलं असेल ते मला त्या फलाटावर लख्ख दिसलं. परक्या गावात कुणीतरी आलं आणि त्यांना नावाने हाक मारली. तीही एका दमात दोनदा.

दोन्ही कप मी त्या हमालाला दिले आणि जिन्याकडे धावलो. धावलो म्हणजे गुडघ्याला विचारून जितकं धावता येतं तितकं. बाहेर रिक्षावाल्यांना विचारलं, पांढऱ्या साडीतली अज्जी? त्यांनी एकमेकांत विचारपूस केली. रुद्रप्पाच्या रिक्षातून गेली, असं निघालं. रुद्रप्पाला फोन लावला. तो म्हणाला, जुन्या हुबळीत एका घरी बारसं आहे, तिथल्यांनी अकराच्या गाडीने येणारी पांढऱ्या लुगड्याची अज्जी आणायला सांगितली होती, मला उशीर झाला, पण अज्जी बाकावर बसलेली होती म्हणून पोचवली, आता काय झालं?

काय झालं ते त्याला सांगण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता. मी दुसऱ्या रिक्षात बसलो. वाटेत शैलाचे चार फोन आले. मी एकही घेतला नाही. पाचवा निखिलचा होता, तोही नाही. रिक्षा जुन्या हुबळीच्या गल्ल्यांतून निघाली, एका हातगाडीमागे थांबली, एका म्हशीमागे थांबली, आणि मी मनातल्या मनात हेतलच्या वडिलांना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. "तुमच्या आई सुखरूप असाव्यात" याच्या पुढे एकही वाक्य जात नव्हतं.

मांडव दिसला. दारातच लोकांनी "बर्री, बर्री" म्हणत मलाही आत ओढलं. आत पाहतो तर मधोमध खुर्चीवर बा. मांडीवर बाळ, कपाळाला हळदकुंकू, केसांत अबोलीचा गजरा. भोवती पंधरा-वीस बायका. जी येई ती "बा यव्वा, इल्ले कूड" म्हणे, म्हणजे ये माय, इथं बस, आणि बा दर वेळी मान डोलावून हसत. या गावात शेंबड्या पोरापासून सगळे आपल्याला ओळखतात, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

(त्या घरची खरी अज्जी आदल्या दिवशीच बसने येऊन मागच्या खोलीत झोपली होती. ते रुद्रप्पाला सांगायचं राहिलं होतं. आणि बाळाच्या आईकडच्यांना वाटत होतं ही पांढऱ्या साडीतली अज्जी बापाकडची, बापाकडच्यांना वाटत होतं आईकडची. कार्याच्या घरात असं चालतं.)

बांनी मला पाहिलं आणि हात वर केला. "आओ भाई, आओ. तुमेरा बेटा आया?"

"नहीं," मी म्हणालो. "वो..."

"अरे, तुम गलत बोले. घर बहुत अच्छा है. कितना आदर, कितना प्रेम. बाप अभी तक दिखा नहीं, पर बाप का क्या काम है? मैंने हां कर दी."

"किसको?"

बांनी घरच्या यजमानीणबाईंकडे बोट दाखवलं. त्यांचं नाव निंगव्वा. पन्नाशीच्या, धिप्पाड, हसतमुख. त्यांना गुजराती येत नव्हतं, हिंदी जेमतेम, आणि एका अनोळखी आजींनी बारशाला आपल्याला एवढी भारी साडी का दिली हे कळत नसलं तरी त्यांनी ती लगेच खांद्यावर पांघरली होती. लाल बांधणी होती. हेतलच्या घरून होणाऱ्या विहिणीसाठी आणलेली.

मी बांच्या शेजारी खाली सतरंजीवर बसलो आणि हिंदीत म्हणालो, "बा, ये घर वो घर नहीं है."

"तो वो घर कौनसा है?"

"धारवाड में है."

"और लडके का बाप?"

"मैं हूं."

भोवतीच्या बायका सरकून जवळ आल्या. हिंदी सगळ्यांना येत नव्हती, पण पुरुषमाणूस कबुली देतोय हे कोणत्याही भाषेत कळतं. बांनी बाळ निंगव्वांकडे दिलं, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमने बोला, उस घर में लडकी मत दो."

"बोला."

"तुमने बोला, वो आळसू है."

"बोला."

"और घरवाली की मुठ्ठी में..."

"वो आपने बोला था," मी म्हणालो. "पर सही है."

मी निंगव्वांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. सांगताना मेसेज दाखवला. एकीने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, बरोबर आहे की, बा हुबळी, म्हणजे हुबळीला ये. मला फार बरं वाटलं. त्या दिवसात माझी बाजू घेणारी ती एकमेव व्यक्ती होती. निंगव्वा खांद्यावरची साडी काढून घडी घालू लागल्या, तेव्हा बांनी त्यांचा हात धरला. "दी हुई चीज वापस नहीं लेते," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मैं खाना खाके आती हूं. तुम भी बैठो. तुमेरा मुंह उतर गया है."

म्हणून आम्ही जेवलो. मी हेतलच्या आजींच्या पंक्तीला, अनोळखी लोकांच्या बारशात, गव्हाची खीर खाल्ली. तेवढ्यात सहावा फोन आला, शैलाचा, आणि मी तो घेतला. "सापडल्या," मी म्हणालो. मग शैला म्हणाली, "सापडल्या म्हणजे? मघाशी तर तिथंच होत्या म्हणालात."

धारवाडपर्यंत बा रिक्षातून बाहेरच पाहत होत्या. मी चोरून त्यांच्याकडे पाही. मला निखिलचा चेहरा आठवत होता. त्याने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नाही. एकदा सायकल मागितली होती, आणि आता एक म्हातारी बाई स्टेशनवरून आणायला सांगितली होती.

घरी पोचलो तेव्हा दिवाण दारात आडवा होता. शैलाने एकटीने हलवायला घेतला होता आणि तो अडकला होता. तिच्या केसांत जळमट होतं. होणाऱ्या विहिणीच्या सासूबाईंचं स्वागत तिने दिवाणाच्या पलीकडून केलं. बांनी पिशवी माझ्याकडे दिली, साडी खोचली आणि दिवाणाची एक बाजू धरली. "तुम छोडो," मला म्हणाल्या. दोघींनी मिळून तो दोन मिनिटांत आत घेतला. मी पिशवी धरून उभा होतो.

बा चार दिवस राहिल्या. शैलाला आणि त्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी त्या दिवसभर बोलत, आणि मध्येच माझ्याकडे पाहून हसत. रविवारी हेतलचे आईवडील आले. निखिलला ऐनवेळी रजा मिळाली नाही. सगळे जमल्यावर निखिलने फोनवरून घसा खाकरून विचारलं, "बा, मग काय ठरलं?"

बा त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, आम्हाला कळावं म्हणून. "लडका अच्छा है. मां अच्छी है. बाप को अक्कल नहीं है." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पर आजकल सब अपना घर चढ़ाके बताते हैं. ये पहला आदमी देखा जिसने अपने घर की सच्ची बात बोली. लडकी दे दो."

लग्न बडोद्याला झालं. निंगव्वा आणि त्यांचे यजमान वऱ्हाडात होते. लाल बांधणीत त्या इतक्या शोभत होत्या की तिकडच्या अर्ध्या पाहुण्यांनी वरमाय समजून आधी त्यांनाच नमस्कार केला. शैलाला बांनी दुसरी साडी घेतली, मोरपंखी, पहिलीपेक्षा भारी. त्यामुळे तो विषय आमच्या घरात महिन्यातून एखाद्या वेळीच निघतो.

बडोद्याच्या स्टेशनवर आमचं वऱ्हाड उतरलं तेव्हा बा स्वतः न्यायला आल्या होत्या, काठी न घेता. आमची चाळीस माणसं होती. म्हातारी होती, गर्दीला बुजणारी होती, गावाबाहेर पहिल्यांदा निघालेली होती. बांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या सरळ माझ्याकडे आल्या, माझं मनगट घट्ट पकडलं आणि गाडीत बसवेपर्यंत सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. मला रस्ता माहीत नव्हता.